आमचा संघ हैदराबादला जातो

उस्मानाबादचा (आता धाराशिव म्हणायचं) माणूस आणि फुटबॉल? हसा खुशाल. आमचा जिल्हा खो-खोचा, सारिका काळेचा. पण नोकरीसाठी पुण्यात असताना एकदा बालेवाडीला गेलो आणि एफसी पुणे सिटीचा झालो तो झालोच.

मार्च २०१८, पहिल्यांदाच उपांत्य फेरी. पुण्यात ०-०, मग बंगळुरूत छेत्रीची हॅटट्रिक, ३-१ नं खेळ खल्लास. हरणं चालतं हो! पुढच्या वर्षी बघू म्हटलं.

ऑगस्ट २०१९ मध्ये पेपरात वाचलं, लीगमध्ये पुण्याच्या जागी आता हैदराबादचा संघ. तोट्यातलं दुकान बंद होतं, कबूल. पण शहराचं नाव लावून दुकान मांडता, तर उठताना शहराला विचारायला नको? अशा बातम्यांत मालक असतात, आकडे असतात. तिकीट काढणारा कुठेच नसतो.

मामांना सांगितलं तर म्हणाले, "हैदराबादला गेला? मग आता आपलाच की रे!" खरंय म्हणा, १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्याच राज्यात.

२०२२ मध्ये हैदराबादनं लीग जिंकली. मामांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात काही उठले नाहीत.

२०२५ मध्ये तो संघही दिल्लीला गेला. मामांना अजून सांगितलेलं नाही. माझी जुनी जर्सी घालून भाचा खो-खो खेळतो.