अठरा ग्रॅम, छत्तीस ग्रॅम

परवा फोनवर नणंदेने विचारलं, "वहिनी, तुमचं ते कॉफीचं वेड अजून तसंच आहे का हो?" आहे म्हटलं, पण मधे बरंच काही झालं. फोनवर सगळं सांगत बसले नाही, म्हणून इथे लिहिते. नाहीतरी घरातली निम्मी मंडळी इथे डोकावतातच!

आमच्याकडे कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, भरपूर साखरेची, वर जायफळ किसलेली. पाहुण्यांची आणि उपासाची. एस्प्रेसो हा शब्द मी साठी उलटल्यावर ऐकला. बंगळुरूला लेकीकडे गेले होते, तेव्हा जावयांनी बोटभर उंचीच्या कपात काळीभोर कॉफी पुढे ठेवली, वर तांबूस साय धरलेली. पहिला घोट काढ्यासारखा लागला. दुसऱ्यानंतर मात्र जिभेवर काहीतरी किती वेळ रेंगाळत राहिलं. मी कप चाटूनपुसून संपवला आणि लेकीने डोक्याला हात लावला.

पुढे जावयांनी त्यांचं यंत्र बदललं, जुनं मला दिलं. त्याच्या गाळणीला दोन तळ होते आणि बाहेरच्या तळाला सुईच्या टोकाएवढं एकच भोक. त्यातून कॉफी जोरात बाहेर पडते म्हणून तिला फेस येतोच. पूड जाडी असो, बारीक असो, दोन महिन्यांची शिळी असो, फेस ठरलेला. तीन वर्षं मी त्यावर खूश होते. गाईड पाठ करून पास होणारी मुलं असतात ना, तसं ते यंत्र. मार्क मिळायचे, पण नेमकं काय येतंय ते कळायचं नाही.

२०२३च्या दिवाळीनंतर ते गळायला लागलं आणि मी पेन्शनमधून नवं घेतलं. सोबत दळायचं यंत्रही, कारण मिक्सरमध्ये बिया दळल्या की निम्मं पीठ आणि निम्मा रवा होतो. "एवढ्यात चांगली पैठणी आली असती," हे म्हणाले. म्हटलं, पैठण्या कपाटात आहेत, नेसून जायचं कुठे?

नव्या यंत्राची गाळणी एकेरी, साध्या भोकांची. ती काहीच झाकत नाही. हिशेब वरवर सोपा: १८ ग्रॅम पूड, ती दाबून बसवायची, ९३ अंशाचं पाणी हवेच्या नऊपट दाबाने तिच्यातून जाणार, आणि २५ ते ३० सेकंदांत कपात ३६ ग्रॅम कॉफी. लवकर आली तर आंबट, रेंगाळली तर कडू. पूड एका बाजूला विरळ राहिली तर पाणी तिथूनच वाट काढतं, बाकीची पूड तशीच राहते. मग कॉफी एकाच वेळी आंबटही लागते आणि कडूही. शेतात पाट फुटावा तसं.

मी दोनशे पानी वही घातली. तारीख, पूड, सेकंद, कपातलं वजन, शेरा. शिक्षकाला रकाने आखल्याशिवाय चैन पडत नाही. शेऱ्यात 'आंबट', 'कडू', 'बरी', क्वचित 'उत्तम'. चिकमगळूरच्या बिया मागवत होते, पुडक्यावर भाजल्याची तारीख बघून, भाजल्यापासून दहाएक दिवस झाले की वापरायला काढायच्या. दळणाचा आकडा तोच, वजन तेच. आणि सेकंद? १९, ३४, २६, ४१, २२. एखाद्या मुलाला गणितात एकदा नव्वद आणि एकदा वीस मिळाले तर आपण त्याच्या घरी काय चाललंय ते विचारतो. मी यंत्राला दोष देत राहिले. मग बियांना, मग हवेला (साताऱ्याच्या पावसाला काहीही चिकटवता येतं).

पुढच्या दिवाळीला लेक-जावई आले. जावयांनी वही पाहिली, काही बोलले नाहीत. ओळीने पाच कप काढले. २७, २८, २७, २९, २८. तेच यंत्र, त्याच बिया. मग म्हणाले, "आई, आता तुम्ही काढा." मी पूड गाळणीत ओतायला लागले. थोडी ओट्यावर सांडली, नेहमीसारखी. दाबायला घेतली तर दट्ट्या कलला, नेहमीसारखाच. ते कॉफीकडे बघतच नव्हते. हळूच विचारलं, "हात कधीपासून थरथरतोय?"

मी म्हटलं, छे, कुठे काय. पण ओट्यावर पूड दिसत होती. यंत्राच्या काट्याने १८ ग्रॅम मोजायची आणि त्यातली एक-दीड ग्रॅम ओट्यावर सांडायची, मग सेकंद कसे जुळणार?

खरं म्हणजे मला माहीत होतं. वर्षभर रांगोळीची रेघ मधेच तुटायची, मी म्हणायचे रांगोळी दमट आहे. सुईत दोरा जात नव्हता, म्हणायचे चष्म्याचा नंबर वाढला. बत्तीस वर्षं फळ्यावर आखल्याशिवाय सरळ ओळ लिहिली, इन्स्पेक्टरसाहेब वर्गात आले की आधी फळा बघायचे. त्या हाताबद्दल कुणी बोललेलं मला नको होतं. आणि मनात एक आजाराचं नाव होतं, ते मी तोंडाबाहेर काढलं नव्हतं. यांच्याजवळसुद्धा नाही.

पुण्याला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागदावर गोगलगाईसारखं वेटोळं काढायला सांगितलं, एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायला लावलं, मग हात मांडीवर नुसते ठेवून बसायला सांगितलं. मांडीवर हात स्वस्थ होते. विचारलं, घरात आणखी कुणाला? आणि मला एकदम अण्णा आठवले, बशी दोन्ही हातांनी धरून चहा पिणारे माझे वडील. आम्ही मुलं त्याला म्हातारपण समजायचो. तेव्हा ते जेमतेम पंचावन्नचे असतील. डॉक्टर म्हणाले, कंपवात, म्हणजे पार्किन्सन नाही. त्यात बहुधा हात स्वस्थ असताना थरथरतो, तुमचा काम करताना थरथरतो. घराण्यात चालत येतो. अगदी लहान डोसची गोळी दिली. आणि जाता जाता, "चहा-कॉफी कमी करा, त्याने वाढतं."

हे तिथेच, डॉक्टरांसमोर, हसत सुटले! गाडीत बसेपर्यंत हसत होते. मग रुमालाने डोळे पुसले. त्यांनाही तेच नाव मनात येऊन गेलं होतं, हे मला शिरवळ आल्यावर कळलं.

घरी आल्यावर थोडं वाचलं. मिलानच्या अकिले गाज्जियांनी १९३८ मध्ये वाफेशिवाय कॉफी काढायचं पेटंट मागितलं. युद्धानंतर त्यांचं दांड्याचं यंत्र आलं, त्यात दांडा हाताने ओढायचा, पण पुढे पाण्यावर दाब द्यायचा तो स्प्रिंगने, हाताने नव्हे. १९६१ साली फाएमा कंपनीने तेही काम विजेच्या पंपाकडे दिलं. म्हणजे हात सारखा नसतो हे त्या लोकांनी कधीच ओळखलं होतं. राहिलं होतं ते पूड भरणं आणि दाबणं. त्यालाही उपाय निघाले आहेत. गाळणीवर बसवायचं एक कडं मिळतं, त्याने पूड सांडत नाही. कडेवर टेकणारा दट्ट्या मिळतो, तो कलूच शकत नाही. लेकीने दोन्ही पाठवले. पुडीतल्या गुठळ्या मोडायला बुचात चार सुया खोवल्यात. दोरा ओवायचा नाही म्हटल्यावर सुयांचा उपयोग झाला!

आता वहीत २८, २७, २९, २८ असे आकडे येतात. रांगोळीला मात्र कुठलं कडं मिळत नाही. या पाडव्याला ठिपक्यांची काढली, रेघा थोड्या नागमोडी आल्या. शेजारच्या सूनबाई म्हणाल्या, "काकू, नवीन डिझाइन आहे का?" म्हटलं हो.

मला दिवसाला एकच कप, तोही सकाळचा. दुपारचा मी काढते तो यांच्यासाठी. ते त्यात गरम दूध ओततात, दोन चमचे साखर घालतात, वर जायफळ किसतात. काल १८ ग्रॅम, ३६ ग्रॅम, २८ सेकंद, साय अशी जमली होती की बघत राहावं. माझ्यादेखत त्यांनी ती दुधात बुडवली. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'जायफळ.'