पंधरा नंबरचा पाना

नाशिक,
रविवार

चि. राणीस,


तुझा निरोप आणि दुकानातल्या चार पान्यांचा फोटो पोचला. फोनवर एका वाक्यात सांगता आलं असतं, पण "कुठला घेऊ" याच्याबरोबर तू "आणि तोच का" असंही विचारलंस, म्हणून पत्र लिहायला बसलो. वाक्य आधी सांगून टाकतो. १५ मिलिमीटरचा कॉम्बिनेशन पाना घे, म्हणजे एका टोकाला रिंग आणि दुसऱ्या टोकाला उघडा जबडा असलेला. लांबी वीतभर, १९-२० सेंटिमीटर. फोटोत डावीकडून तिसरा आहे तो हाच.

पण पैसे देण्याआधी नट मोज. तुझ्या सायकलला गिअर नाहीत, चाकं नटांनी आवळलेली आहेत. अशा सायकलींच्या मागच्या चाकाचा नट आता बहुतेक १५चाच असतो. पुढच्याचा मात्र भरवसा धरू नकोस. पुढची अ‍ॅक्सल मागच्यापेक्षा बारीक असते, त्यामुळे काही सायकलींना पुढे १४चा नट निघतो. मोजताना समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर घ्यायचं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलंस तर पंधराचा नट सतराच्या वर भरेल आणि तू भलताच पाना घेऊन येशील.

अण्णांची हत्यारांची पेटी तुमच्याकडे आहे, तिच्यातलं काही चालेल का, असंही विचारलंयस. एक पाना चालण्यासारखा आहे, पण तुझा हात ज्याच्यावर जाईल तो नव्हे. ५/८ इंचाचा पाना पंधराच्या नटावर सहज बसतो, म्हणून तो योग्य वाटतो. त्याचा जबडा जवळजवळ १५.९ मिलिमीटर आहे. तो नटावर सहा-सात अंश मोकळाच फिरतो आणि मग थेट कोपऱ्यांवर चढतो. आता ज्याच्यावर ५/१६ आणि पुढे डब्ल्यू असं कोरलंय तो काढ. आकडा वाचून तो फार लहान वाटेल, कारण ५/१६ इंच म्हणजे आठ मिलिमीटरसुद्धा नाही. पण जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने १८४१ मध्ये आट्यांचं प्रमाण मांडलं, त्या पद्धतीच्या पान्यांवर जबड्याचं माप लिहीत नसत. ज्या बोल्टसाठी पाना, त्या बोल्टची जाडी लिहीत. त्या पान्याचा जबडा ०.६०० इंच, म्हणजे १५.२४ मिलिमीटर असतो. अण्णा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते, तिथे ही हत्यारं रोजच्या वापरातली. पाव मिलिमीटर ढिला आहे, तरी अडचणीच्या वेळी तो मला ५/८ पेक्षा केव्हाही पसंत. रोजच्यासाठी मात्र नवाच घे.

रिंगचा आग्रह का, ते नीट समजून घे. उघड्या जबड्याचा पाना नटाच्या दोनच बाजू धरतो. जोर लावला की जबडा किंचित फाकतो, आणि मग सगळा भार दोन कोपऱ्यांवर येतो. रिंग नटाला चारी बाजूंनी वेढते, तिला फाकायला जागाच नाही, आणि भार सहाही कोपऱ्यांत वाटला जातो. रिंगमध्ये आतून सहा कोनांची आणि बारा कोनांची असे दोन प्रकार येतात. सहा कोनांची मिळाली तर उत्तमच, कारण ती कोपरा सोडून सपाट बाजूवर जोर देते. बाजारात बारा कोनांचीच जास्त दिसेल; नट नवा आणि माप बरोबर असेल तर तिच्यात काही वाईट नाही. सॉकेट घ्यायचा विचार असेल तर खोल सॉकेट लागेल, कारण अ‍ॅक्सलचं टोक नटाच्या बाहेर आलेलं असतं आणि उथळ सॉकेट त्याच्यावरच अडतो. रिंगमधून ते टोक आरपार जातं.

हा नट एवढा घट्ट का लागतो, हे कुणी मुलींना सांगत नाही. मुलांनाही सांगत नाहीत म्हणा. तुझ्या पुढच्या चक्राला ४४ दाते आहेत असं धर. त्याची त्रिज्या सुमारे ८९ मिलिमीटर होते आणि क्रँक साधारण १६५ ते १७०ची. म्हणजे तू पायडलवर जेवढा भार टाकतेस, त्याच्या जवळजवळ दुप्पट ओढ चेनमध्ये येते. पर्वतीच्या बाजूच्या चढावर तू उभी राहून पन्नास किलोंनी पायडल दाबलंस, की चेन मागच्या चाकाला शंभराच्या आसपास किलोंनी पुढे खेचते, आणि तीही एकट्या उजव्या बाजूला. तुझ्या सायकलची मागची खाच आडवी आहे, त्यामुळे चाक घसरू नये म्हणून तिथे आधार फक्त आवळलेल्या नटाचा. उजवा नट सैल असला की अ‍ॅक्सलचं उजवं टोक पुढे सरकतं, चाक तिरकं होतं आणि टायर डाव्या नळीला घासायला लागतो. भर रहदारीत, चढावर, पाठीवर दप्तर असताना हे व्हायला नको. म्हणून मी या नटाच्या बाबतीत एवढा हट्टी आहे.

मागच्या नटाला ३० ते ४० न्यूटन मीटर आवळणं लागतं. वीस सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकाशी पंधरा ते वीस किलोंचा जोर लावला की तेवढं होतं, आणि तुझ्या हाताला ते सहज जमेल. लांबीचं कारण हेच. दोन्ही टोकांना गोळे असलेला, दहा मापांचा तो तुकडा फोटोत पहिला आहे. तो हातात मावतो, पण तेवढी ताकद त्याच्यातून निघत नाही. उलट हातभर लांब पाना घेतलास तर नकळत दुप्पट आवळशील आणि आटे जातील.

दुसरा स्क्रू पाना आहे. त्याच्यावर माझा राग नाही, घरात एक असावा. पण त्याचा सरकता जबडा कधीच पुरता घट्ट बसत नाही. नाइलाजाने वापरलासच तर सरकता जबडा ज्या दिशेला फिरवायचंय त्या बाजूला ठेव, म्हणजे मुख्य भार न हलणाऱ्या जबड्यावर येईल. चौथा, पत्र्यासारखा पातळ दिसतोय तो कोन पाना. त्याच्यावरही १५च लिहिलेलं असेल, त्याला फसू नकोस. तो हबच्या आतला कोन धरण्यापुरता. बाहेरच्या नटावर लावलास तर पाना वाकेल आणि नट गोल होईल. पायडललाही बहुधा १५च लागतो, पण तिथली सपाट जागा अरुंद असते. तुझ्या पान्याचा जबडा तिथे शिरला तर ठीक, नाही शिरला तर ठोकून बसवू नकोस.

पाना कुठल्या कंपनीचा, याचा फार विचार नको. क्रोम व्हॅनेडियमचा, घडवलेला असावा. इथे सातपूरला टपारियाचा कारखाना आहे, त्यांचा मिळाला तर डोळे झाकून घे.

आता आवळण्याबद्दल. चाकाचे दोन्ही नट नेहमीच्याच दिशेने आवळतात, डावीकडचाही. उलटे आटे डाव्या पायडलला असतात, चाकाच्या नटांना नाही. वायसरची दातेरी बाजू सायकलच्या खाचेकडे हवी. आधी दोन्ही नट हाताने लाव, चाक मधोमध आण, चेन मधल्यामध्ये एखादा सेंटिमीटर खाली-वर होईल एवढीच ताण, आणि मग दोन्ही बाजू आलटून पालटून थोड्या थोड्या आवळ. एकच बाजू पुरती आवळलीस तर चाक फिरून बसतं.

पुढच्या नटाचं माप मात्र कळव. १४ निघालं तर कॉम्बिनेशनऐवजी १४-१५ चा दुहेरी रिंग पाना बरा, एकाच हत्याराने दोन्ही चाकं होतील. तुमच्याकडे मिळाला नाही तर मी इथून पाठवतो. ताईला माझा नमस्कार सांग.

तुझा,
मामा