वालीवच्या गाळ्यांसाठी काही टिपणे

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे, पुढे पेल्हार. इथल्या बहुतेक वसाहती एमआयडीसीच्या नाहीत, खासगी इस्टेटी आहेत. दोन-चार मशीन, पोटमाळ्यावर ऑफिस. सेन्सर आणि डेटाचे बोलणे इथे करायचे तर या गाळ्याच्या मापाने करावे.

०

प्रॉडक्शन रजिस्टर शिफ्ट सुटताना भरतात. मोल्ड बदलायला लागलेला दीड तास त्यात येतो. पीस अडकला, प्लास्टिकचा दाणा संपला, क्वालिटीवाल्याची वाट पाहिली, ही दोन-दोन मिनिटे येत नाहीत. खरा तोटा तिथे होतो असे मला ठाम वाटते. जपानच्या सेइइची नाकाजिमा यांनी टीपीएम या देखभालीच्या पद्धतीत ओईईचा, म्हणजे मशीनच्या एकूण परिणामकारकतेचा, गुणाकार रुजवला तो यासाठीच. मशीन चालू 90 टक्के, वेग 85, चांगला माल 95. सुटे पाहिले तर तिन्ही आकडे बरे वाटतात, गुणाकार जेमतेम 73.

०

जुन्या हायड्रॉलिक मोल्डिंग मशीनच्या कंट्रोलरला हात न लावताही शॉट मोजता येतात. पॅनलमध्ये मोटरच्या एका फेजच्या वायरीवर उघडमिटीचा सीटी, म्हणजे करंट मोजणारी कडी, चढवायचा. एकाच. तिन्ही फेजच्या वायरी एकत्र धरल्या तर बेरीज जवळजवळ शून्य येते. इंजेक्शनला करंट चढतो, स्क्रू दाणा ओढताना पुन्हा चढतो, पीस थंड होईपर्यंत खाली राहतो. दर शॉटला तोच आकार. दोन शॉटमधले अंतर वाढू लागले की सायकल लांबली. चिलरचे पाणी गरम आहे, की मोल्डमधून पीस सुटत नाही? ते करंट सांगणार नाही, मशीनपाशी उभा असलेला माणूस सांगेल.

०

म्हणून आकडा आधी त्या माणसाला दिसला पाहिजे, हिंदीत किंवा मराठीत, मशीनशेजारी, मोठ्या अक्षरांत. तो फक्त मालकाच्या मोबाइलवर गेला की कामगाराला ती पाळत वाटते, आणि थांबण्याचे खरे कारण कोणी सांगत नाही. सेन्सरच्या खर्चाआधी मालकाने हे ठरवावे.

०

पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत नायलॉनचा दाणा पाणी ओढतो, पीसवर चंदेरी रेघा येतात. दाणा साधारण 80 अंशांवर काही तास सुकवावा लागतो. ड्रायरचा हिटर रात्री गेला तर ते सकाळच्या रिजेक्शनमध्ये कळते. तिथे एक तापमानाचा सेन्सर आणि भोंगा पुरे.

०

जुलै 2018 च्या पुरात वसई-विरारची वीज गेली होती. डेटा गोळा करणारी पेटी भिंतीवर उंच लावावी आणि वीज गेली तरी नोंदी तिच्यातच टिकाव्यात. इंटरनेट आले की पुढे पाठवता येतात.

०

केंद्राच्या ‘समर्थ उद्योग भारत 4.0’ योजनेतून पुण्यात सीफोरआयफोर ही इंडस्ट्री 4.0 ची लॅब झाली. चांगले झाले. वालीवला मात्र रेंज नाक्यावरून हाकेला येणारा, सीटी बसवणारा आणि आलेख वाचणारा इलेक्ट्रिशियन हवा. आयटीआयच्या पोरांना हे शिकवायला हवे.

०

कॉम्प्रेसरच्या हवेची गळती. 7 बार दाबाला 3 मिलिमीटरचे एक भोक सुमारे 3 किलोवॅट खाते. दहा तासांत 30 युनिट. दिवसा मशीनच्या आवाजात फुसफुस ऐकू येत नाही. सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन बंद ठेवून एकटा कॉम्प्रेसर चालवावा आणि तो किती वेळ लोड घेतो, किती वेळ अनलोड राहतो ते घड्याळावर लिहावे. लोडच्या वेळेला दोन्हींच्या बेरजेने भागले की जितके टक्के येतील, कॉम्प्रेसरची तितकी हवा गळते आहे. याला सेन्सरही लागत नाही.