वही परत पाठवताना

कट्टा, ता. मालवण

चि. बाय हिस,


चतुर्थीला आलीस आणि गणिताची वही आजीच्या पंचांगाखाली विसरून गेलीस. उद्या कुडाळला जाणाऱ्या कुणाकडे तरी देतो. तोवर वाचून काढली. मास्तरकीची खोड, निवृत्तीनंतर जाते थोडीच!

पाय वर्गाचं डेरिव्हेटिव्ह तू ‘दोन पाय’ लिहिलंस. आजीला वाचून दाखवलं, ती अजून हसते आहे. गो, पाय हा ठरलेला आकडा. अक्षरासारखा दिसतो म्हणून तो क्ष होत नाही. जो बदलतच नाही, त्याच्या बदलाचा दर शून्य. पुढे साइन तीन क्षचं नुसतं कॉस तीन क्ष करून मोकळी झालीस. सोडण काढलंस, करवंटी तशीच! आतला तीन बाहेर गुणायला हवा होता.

पण खरी गंमत क्ष वर्ग गुणिले साइन क्षची. दोघांची डेरिव्हेटिव्ह वेगवेगळी काढलीस आणि गुणून टाकलीस. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या पोरांना अकरावीत सगळं इंग्रजीत येतं, मग सूत्र पाठ होतं आणि अर्थ मागे राहतो. म्हणून अर्थ आपल्या खळ्यात बघ. समज, खळं २० हात लांब, १२ हात रुंद. दोन्हीकडे एकेक हात वाढवलं तर २४० चं २७३ होतं. वाढ ३३ : एक पट्टा २० चा, दुसरा १२ चा, आणि कोपरा १ चा. तुझ्या रीतीने हाती येतो तो फक्त कोपरा! वाढ हाताच्या दहाव्या भागाची धर : पट्टे २ आणि १.२, कोपरा ०.०१. वाढ आणखी बारीक केलीस की कोपरा हिशेबातून जातो, पट्टे राहतात. गुणाकाराचंही तसंच : पहिला गुणक तसाच ठेवून दुसऱ्याचा बदल, अधिक दुसरा तसाच ठेवून पहिल्याचा.

लाजू नकोस. हे गणित उभारणाऱ्या खुद्द लायब्निट्सला १६७५च्या नोव्हेंबरात आपल्या कागदांवर हीच शंका आली होती. त्याने उदाहरण घालून पाहिलं आणि ती रीत सोडली. १६८४ साली छापलं ते बरोबर सूत्र. तुझ्याजवळ तर फुकटचं उदाहरण आहे, क्ष गुणिले क्ष. तुझ्या रीतीने एक येतो, आणि दोन क्ष तू झोपेतही सांगशील.

पाऊस ओसरला की यंदा खरंच खळं वाढवतोय. दिवाळीला लवकर ये. दोन पट्टे तू सारव, कोपरा मी सारवतो.

तुझा,
मामा