रिकाम्या चौकटीत हरवलेले ‘मले’

संगणकाच्या भाषेतील ‘एक्सेप्शन’ या संज्ञेसाठी आपण ‘अपवाद’ हा व्याकरणातला शब्द सहज वापरतो. हे दोन अपवाद एकच नव्हेत, हे मला बालाघाटात बसून स्वतःच्याच चुकीतून उमगले.

मराठी नामा-सर्वनामांची विभक्तिरूपे घडविणारा आणि ओळखणारा एक छोटा प्रोग्राम मी हौसेने लिहीत होतो. ‘नाम’ हा मूळ क्लास; ‘आकारान्त पुल्लिंगी नाम’ हा त्याचा उपवर्ग. घोडा–घोड्याला, आंबा–आंब्याला. काका, मामा, दादा मात्र हा नियम पाळत नाहीत; तेथे काकाला, मामाला असेच रूप होते. म्हणून नातेवाचक नामांचा आणखी एक उपवर्ग केला आणि सामान्यरूपाची रीत तेवढ्यापुरती बदलली. पाणिनीय परंपरेतील उत्सर्ग आणि अपवाद ते हेच: सर्वसाधारण नियम हा उत्सर्ग, आणि मर्यादित क्षेत्रात त्याला बाजूला सारणारा विशेष नियम हा अपवाद. हा अपवाद आधीपासून ठाऊक असतो.

मग प्रत्येक नियमाची एकक चाचणी लिहिली. प्रोग्रामच्या एका लहान भागाला ठरावीक शब्द द्यायचा, अपेक्षित उत्तर अगोदर लिहून ठेवायचे आणि दोन्ही ताडून पाहायचे, एवढेच तिचे स्वरूप. केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ साली जावा भाषेसाठी ‘जेयूनिट’ रचले आणि ही शिस्त सर्वत्र पसरली. ‘मामा’ दिल्यास ‘मामाला’ यावे, ‘माम्याला’ येऊ नये. माझ्या साऱ्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या.

त्यानंतर प्रोग्रामला घरातल्या जुन्या पत्रांचा मजकूर दिला. काम बिनतक्रार संपले; त्रुटी शून्य. पण शब्दांच्या यादीत ‘मले’ नव्हते, ‘तुले’ नव्हते, ‘पोट्ट्याले’ नव्हते. वैनगंगेकाठची आमची बोलीच तेवढी गळाली होती.

कारण शोधायला वेळ लागला नाही. ओळख न पटलेल्या शब्दाशी प्रोग्राम एक्सेप्शन फेकत होता. पण मध्येच थांबू नये म्हणून ते पकडणारी ‘कॅच’ची चौकट मी रिकामी ठेवली होती. चाचण्यांनीही सावध केले नाही, कारण त्या मी शालेय व्याकरणावरून रचल्या होत्या. ज्याची आठवण झाली नाही, त्याची परीक्षाही झाली नाही.

एक्सेप्शन हाही एक ऑब्जेक्टच असतो. काय बिघडले आणि कोठे, हे तो सोबत घेऊन येतो. म्हणून ‘अनोळखी रूप’ असा स्वतंत्र एक्सेप्शन केला. तो शब्द आणि त्याचे वाक्य जपून वेगळ्या यादीत ठेवतो. एक नवी चाचणीही जोडली: आत गेलेल्या शब्दांची संख्या ही ओळखीचे आणि अनोळखी मिळून बाहेर आलेल्या शब्दांइतकीच भरली पाहिजे. ती यादी वाचली तेव्हा ‘ले’ हा प्रत्यय डोळ्यांपुढे आला आणि त्याला रीतसर नियमांत जागा मिळाली. काल जो अडथळा होता, तो आज व्याकरण झाला.

हे केवळ संगणकापुरते नाही. २०११च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांची १९,५६९ नावे नोंदली गेली. छाननीअंती १,३६९ मातृभाषा मान्य झाल्या. १,४७४ नावे वर्गीकरणात न बसल्यामुळे ‘इतर’ या रकान्यात गेली. माणसे मोजली गेली, भाषेचे नाव मात्र उरले नाही. आमच्या जिल्ह्यात घरोघरी बोलली जाणारी पोवारी त्या तक्त्यांत हिंदीखाली आहे. १९५६ साली विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, तेव्हापासून येथील मराठी भाषकही आखलेल्या नियमाबाहेरचेच आहेत.

म्हणून सीमेच्या दोन्ही बाजूंच्या वाचकांना विनंती आहे. येत्या जनगणनेत प्रगणक दारी येईल तेव्हा मातृभाषेचे नाव स्वतः सांगा आणि तेच लिहिले गेले का, हे पाहून घ्या. घरात ‘मले’ म्हणत असाल, तर ते अशुद्ध समजून मुलांपासून लपवू नका. माझ्या प्रोग्रामच्या चाचण्यांत आता पहिला शब्द तोच आहे.