आमच्या घरचा सामना



कोल्हापूरबाहेरच्या मैत्रिणींसाठी आधी थोडं आमच्या गावाविषयी सांगते. इथं फुटबॉल म्हणजे पेठेची इज्जत. ज्या तालमींनी पैलवान घडवले, त्याच तालमींचे आज फुटबॉल संघ आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं इथल्या लहान पोरांनाही पाठ असतात. थंडीत हंगाम सुरू झाला की उन्हाळ्यापर्यंत छत्रपती शाहू स्टेडियम गजबजलेलं असतं. वर्ल्डकप आला की गल्लोगल्ली ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात.

आमच्या घरात तर फुटबॉल हीच बापलेकांची बोलायची भाषा. हे तसे अबोल. मुलगा दिवसभर फौंड्रीत, घरी येतो तो दमून. नातू तेव्हा बारा वर्षांचा, त्याचं जग वेगळंच. पण सामन्याच्या दिवशी तिघं बरोबर निघायचे आणि परत आल्यावर तासभर बोलत बसायचे. कुणी पास चुकवला, पंचांनी काय दिलं नाही, सगळं पुन्हा एकदा व्हायचं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या पेठेच्या संघाचा हंगाम फार वाईट गेला. लीगमध्ये तळाला, आणि बाद पद्धतीच्या स्पर्धांतही पहिल्याच सामन्यात बाहेर. शेवटच्या पराभवानंतर मुलगा म्हणाला, "आई, बास झालं. पुढच्या वर्षी मैदानाकडं फिरकणार नाही." नातवानं बूट माळ्यावर टाकले. हे संध्याकाळी टीव्हीसमोर बसायचे, पण आवाज बंद करून. घरात भांडण नव्हतं, तक्रार नव्हती. तिघंही आपापल्या खोलीत. संघ हरला याचं मला एवढं वाटलं नाही, पण त्यांचं बोलणं थांबलं ते मला सहन होईना.

मी बी.कॉम. नोकरी केली नाही, पण घराचा जमाखर्च लग्नापासून माझ्याच वहीत असतो. हिशेबात एक नियम पक्का असतो. तोटा झाला तरी तो लिहावा लागतो. धंद्यातला तोटा आयकरात पुढची आठ वर्षं ओढता येतो, पण त्यासाठी विवरणपत्र वेळेत भरलेलं असावं लागतं. आमच्या माणसांनी मात्र तोटा लिहिलाच नव्हता, वहीच मिटवून ठेवली होती.

तेवढ्यात अक्षय तृतीया आली. भगवान ऋषभदेवांना राजा श्रेयांसानं उसाच्या रसाचा आहार दिला तो हा दिवस, म्हणून दरवर्षी आम्ही सगळे शिरोळ तालुक्यात दिरांच्या मळ्यात जमतो आणि रस पितो. मी जाऊबाईंना फोन केला. "यंदा रसाच्या आधी फुटबॉल. सगळ्यांनी खेळायचं." त्या म्हणाल्या, "अक्का, मीसुद्धा?" म्हटलं, "तुम्ही आधी."

नियम मीच केले. एका बाजूला पाच जण. संघ चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, म्हणजे बापलेक एकाच बाजूला येतील असं नाही. प्रत्येक संघात किमान दोन बायका, एक लहान आणि एक साठीच्या पुढचं माणूस. साठीच्या पुढच्यांनी धावायचं नाही, चालतच खेळायचं, आणि त्यांच्या पायातून चेंडू कुणी हिसकावायचा नाही. पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव. चेंडू चामड्याचा नको होता. त्याची अडचण आली नाही, कारण आता बहुतेक फुटबॉल कृत्रिम चामड्याचेच मिळतात. खेळायला मोकळी, कोरडी माती निवडली. वैशाखात सूर्यास्त सातच्या आसपास असतो, म्हणून साडेचारला सुरुवात करून सव्वापाचला खेळ संपवायचा, मग रस आणि उजेडातच जेवण.

त्या दिवशी गोलात कोण उभं राहणार यावर सगळे एकमेकांकडं बघत होते. सूनबाई पुढं झाली. "आई, मी शाळेत हँडबॉलची गोलकीपर होते," म्हणाली, आणि ओढणी कमरेला घट्ट बांधली. चौदा वर्षं आमच्या सामन्यांच्या दिवशी चहा करणाऱ्या त्या मुलीनं नवऱ्याचे तीन फटके अडवले. चौथ्याला मुलगा मातीत आडवा झाला आणि हसायला लागला. यांनी बाजूनं ओरडून सांगितलं, "अरे, डाव्या पायानं मार!" इतक्या दिवसांत यांचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. आमची बाजू ४-१ नं हरली. रस पिताना बापलेक त्या न झालेल्या गोलावरच बोलत होते.

आपल्या शास्त्रात क्रोधाला चार रेघांची उपमा दिली आहे. दगडावरची, जमिनीवरची, वाळूतली आणि पाण्यावरची. दगडावरची पुसत नाही, पाण्यावरची लगेच जाते. हरण्याचा राग येणारच. तो दगडावर कोरायचा की पाण्यावर ओढायचा, हे घरात रोज थोडं थोडं शिकावं लागतं. खेळात ते सोपं जातं, कारण हरवणारा माणूसच शेजारी बसून रस पीत असतो.

घरच्या सामन्याची वेगळी वही मी त्याच दिवशी सुरू केली. त्यात गोल लिहिते, हारही लिहिते, आणि कोण पहिल्यांदा खेळलं तेही. २०१७ साली आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला. भारत तिन्ही सामने हरला. पण कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगनं मारलेला गोल फिफाच्या वर्ल्डकपमधला भारताचा पहिला गोल म्हणून कायमचा नोंदला गेला. हरलेल्या सामन्यातही लिहून ठेवण्यासारखं काही असतंच.

आता अक्षय तृतीयेशिवाय महिन्यातून एका रविवारीही खेळतो. चातुर्मासात ओल्या गवतावर पाय ठेवत नाही, तेव्हा घरात कॅरम. मैत्रिणींनो, फुटबॉलच हवा असं नाही. लगोरी चालेल, लंगडी चालेल. फक्त घरातल्या बायकांना चहाच्या ट्रेमागं ठेवू नका, आणि संघ दरवेळी बदला.

पहिल्या वर्षी माणसं गोळा करायला मला अकरा फोन करावे लागले. आमच्या पेठेचा संघ अजून जिंकत नाही, तरी यंदा चैत्रातच नातवानं आठवण केली, "आज्जी, चिठ्ठ्या तयार कर!"