पोटापाण्याचा कॅमेरा

फोटो जरा बरे यायला लागले की ओळखीपाळखीचे लोक हमखास म्हणतात, "नोकरी कशाला करतेस? यातच उतर की." साताऱ्यात राहून कासच्या पठारावर कॅमेरा घेऊन जाणाऱ्या बहुतेकांनी हे ऐकलेलं असतं. मीही ऐकत आले. गेल्या वर्षी मात्र मी तो प्रश्न मनावर घेतला आणि कागद-पेन घेऊन हिशेबाला बसले.

हिशेबात पहिल्यांदा कळलं ते हे, की ज्या फोटोंचं कौतुक होतं त्यांना गिऱ्हाईक नाही. सप्टेंबरात धुकं उठेपर्यंत थांबून टिपलेली सीतेची आसवं, उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला उतरलेले रोहित पक्षी. लोक वाहवा करतात, मोबाइलवर ठेवतात, आणि तिथंच विषय संपतो. पैसे मिळतात ते लग्नाला, मुंजीला, डोहाळजेवणाला, हॉटेलच्या मेनूकार्डाला आणि बिल्डरच्या सँपल फ्लॅटला. म्हणजे हौस कासची आणि धंदा मंगल कार्यालयाचा. "हौसेचा व्यवसाय करू का" असं आपण स्वतःला विचारतो, पण विचारायला हवं ते वेगळंच: कॅमेरा तोच ठेवून दुसरं काम आवडेल का?

कायद्यानेही ही रेघ ओढून ठेवली आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं, की कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केलेला नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा. कासचं फूल माझं, नवरीचा फोटो नवरीच्या घरचा. हे वाचलं तेव्हा मन खट्टू झालं. आपण पाहिलेलं, आपल्या डोळ्याने निवडलेलं, आणि आपलं नाही!

नोकरी सोडण्याला आपण 'उडी मारणं' म्हणतो. ज्यांची नावं आदराने घेतो ते तर बहुतेक पायरी पायरीने उतरलेले दिसतात. राजा दीनदयाळ इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला होते. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हातात घेतला, काही वर्षं नोकरी सांभाळून काम केलं, मग लांब रजा काढली आणि नंतर नोकरी सोडली. हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार म्हणून ते गाजले ते त्यानंतर. गौतम राजाध्यक्ष १९७४ मध्ये लिंटास या जाहिरात कंपनीत लागले आणि पूर्णवेळ छायाचित्रकार झाले १९८७ मध्ये. नट-नट्यांचे चेहरे त्याआधीच टिपायला लागले होते. आणि कायम हौशी राहण्यातही कमीपणा नाही. १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली. तिच्यात वावरणारे नारायण दाजी, म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू, पेशाने डॉक्टर होते. त्यांनी काढलेले तेव्हाच्या मुंबईतल्या माणसांचे फोटो आजही अभ्यासले जातात.

मी एक लग्नसराई आमच्याच पेठेतल्या एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांच्या हाताखाली काढली. शनिवार-रविवार आणि उरलेल्या रजा. काकांनी पहिल्या दिवशी लेन्सबद्दल अक्षर काढलं नाही. विचारलं, "लाजाहोम आधी की सप्तपदी? कानपिळीला कोण लागतं? झाल कधी असते?" हे पाठ नसेल तर जगातला भारीतला कॅमेरा गळ्यात असून उपयोग नाही, कारण गुरुजी कुणासाठी थांबत नाहीत. शेवटचं मंगलाष्टक संपतं, वाजंत्री सुरू होते, अंतरपाट बाजूला होतो आणि हार पडतात. तेवढ्यात अक्षतांचा मारा, समोर दहा-बारा मोबाइलचे हात, आणि नवरीच्या मागे उभे असलेले मामा फ्रेममध्ये हवेतच. धुकं पुन्हा येतं, फूल उद्याही असतं. इथे दुसरी खेप नाही. म्हणून काका एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो लिहिणारा कॅमेरा वापरतात, आणि रात्री घरी गेल्यावर जेवणाच्या ताटावर बसण्याआधी सगळं आणखी एका डिस्कवर उतरवून घेतात. उधारी वसूल करणं, अल्बमची प्रुफं तपासणं, लेन्सचे हप्ते, पावसाळ्यातले रिकामे महिने हेही सगळं पाहिलं. ते कुठल्याही धंद्यात असतं, त्याचं मला फार काही वाटलं नाही.

मला हलवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. प्रत्येक लग्नात, पंगती बसल्या की काका हॉलमध्ये एक फेरी मारायचे आणि वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या माणसांचा एकेकट्याचा फोटो काढायचे. पाठीमागे साधी भिंत, चेहऱ्यावर खिडकीचा उजेड. ऑर्डरमध्ये नसलेला, अल्बममध्ये न जाणारा. कारण विचारलं तर म्हणाले, "वर्षा-दोन वर्षांनी कुणीतरी येतंच. भिंतीवर लावायला आजीचा धड फोटो नसतो गं. ग्रुपमधून कापून मोठा केला की चेहरा फाटतो." या फोटोची मालकी कुणाची, हा विचारही तिथे माझ्या मनात आला नाही. कलम १७ वर खट्टू झालेली मी त्या दिवशी मोकळी झाले.

माझं ठरलं आहे. पुढच्या लग्नसराईत मी स्वतःच्या नावावर ऑर्डरी घेणार, आणि त्यातून वर्षभराचं भागतंय असं दिसेपर्यंत नोकरी सोडणार नाही. नवरीच्या खोलीतल्या तयारीचे फोटो काढायला बाईमाणूस असलेलं घरच्यांना बरं वाटतं, तेव्हा सुरुवात तिथूनच करणार आहे. सप्टेंबरातलं कास मात्र विकायचं नाही.

तुम्हीही याच पेचात असाल तर राजीनामा लिहिण्याआधी एक लग्नसराई कुणाच्या तरी हाताखाली काढा. पंगत उठेपर्यंत उभे राहा, रात्री कार्डं उतरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावंसं वाटलं, तर खुशाल या धंद्यात या.